चौदावी प्रत

आमच्या ऑफिसात नवा आर्किटेक्ट रुजू झाला की पहिल्या दिवशी मी त्याला एकच प्रश्न विचारतो: एका विटेचं वजन किती? बहुतेक जण मोबाइल काढतात. एकाने तर मलाच उलट विचारलं होतं, कुठल्या कंपनीची वीट? ही पोरगी मात्र खुर्चीतून उठली. मागच्या दाराबाहेर भिंतीच्या दुरुस्तीसाठी विटा आणून टाकल्या होत्या, तिथे गेली, एक वीट दोन्ही हातांत तोलून बघितली आणि परत येऊन म्हणाली, तीन किलोच्या आसपास असेल, पण मी चुकत असेन.

उत्तर बरोबर होतं. पण ते 'मी चुकत असेन'चं शेपूट तिच्या प्रत्येक वाक्याला असायचं. फोन वाजला तरी ती दचकायची. साहेबांच्या केबिनमध्ये जायचं म्हटलं की आधी दोन घोट पाणी प्यायची. कुठलंही माप तीनदा तपासायची आणि चौथ्यांदा माझ्याकडून तपासून घ्यायची. उंच, काटकुळी, नाकासमोर चालणारी, आणि हातात सदा एक स्टीलची पट्टी. मी तिला फूटपट्टी म्हणायला लागलो आणि महिन्याभरात सगळं ऑफिस म्हणायला लागलं. तिला राग आला नाही. राग यायलाही थोडी हिंमत लागते.

मी ड्राफ्ट्समन. एकतीस वर्षं याच ऑफिसात, याच खिडकीशी. आर्किटेक्टने मनात इमारत बांधायची आणि ड्राफ्ट्समनने ती मापांसकट कागदावर उतरवायची, अशी आमच्या धंद्यातली वाटणी आहे. बक्षीस मिळालं तर आर्किटेक्टचं, चूक झाली तर ड्राफ्ट्समनची. त्यामुळे या जमातीवर माझा फारसा जीव नाही, हे आधीच सांगून ठेवतो. फूटपट्टीवर मात्र बसला. एकदा मी काढलेल्या जिन्याच्या ड्रॉइंगचं साहेबांनी कौतुक केलं, तेव्हा ती भरल्या केबिनमध्ये म्हणाली, हे काकांचं आहे. असं बोलणारी मी एकतीस वर्षांत तेवढीच पाहिली.

नव्या आर्किटेक्टला परवाना मिळवायचा तर दोन वर्षांच्या अनुभवाची वही भरावी लागते. तिच्यात बारा रकाने, आणि प्रत्येक रकान्याखाली वरिष्ठांची सही. दीड वर्षानंतर फूटपट्टीच्या वहीत दोन रकाने भरले होते, एक संडासांच्या नकाशांचा आणि दुसरा जिन्यांच्या नकाशांचा. 'प्रत्यक्ष साइटवरचं काम' हा रकाना कोरा. साहेब नव्या पोरांना साइटवर पाठवत नसत. तिथले लोक पोरांचं ऐकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आता पोरं गेलीच नाहीत तर लोक ऐकणार कोणाचं, हे विचारायची सोय नव्हती. उंटावरून शेळ्या हाकायला शिकवायचं आणि मग म्हणायचं, या पोरांना शेळीही कळत नाही आणि उंटही.

'पहिला शनिवार' तिला कोणीतरी सांगितला. हे शिकाऊ आणि नवशिक्या आर्किटेक्टांचं मंडळ. इमारतींची छोटी मॉडेलं बनवून विकणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्या दुकानामागे लांबलचक हॉल आहे, तिथे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी चार वाजता ही मंडळी जमतात. पाच वर्षांपेक्षा जास्त अनुभव असलेल्याला बोलायला मनाई. एकटीने जायची फूटपट्टीला भीती वाटत होती, म्हणून मला म्हणाली, काका, नुसतं शेजारी बसा. मी गेलो. माझा अनुभव एकतीस वर्षांचा, म्हणजे मला बोलायची मनाई सगळ्यात कडक.

त्यांची पद्धत मला आवडली, हे कबूल करतो. प्रत्येकाने आपलं एक ड्रॉइंग आणायचं, नावाचा कोपरा मागे दुमडून चिकटवायचा आणि भिंतीवर लावायचं. मग बाकीच्यांनी लाल पेन्सिली घेऊन त्यावर तुटून पडायचं. कोणाचं काय ते ठाऊक नसल्यामुळे कोणी कोणाची भीड धरत नाही. शेवटी ज्याचं आहे त्याने कोपरा उलगडायचा. जे ड्रॉइंग सगळ्यांना पटेल ते मॉडेलवाल्या बाईंच्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये जायचं. त्याला ते पेटारा म्हणत. पेटाऱ्यातलं काहीही कोणीही उतरवून घ्यावं, आपल्या कामात वापरावं, फक्त शेजारच्या वहीत एक ओळ लिहावी: कोणी घेतलं, कुठल्या इमारतीसाठी. मोठ्या ऑफिसांत जे कोणी शिकवत नाही ते ही पोरं एकमेकांना असं शिकवायची.

पाचव्या शनिवारी फूटपट्टीने आपलं ड्रॉइंग लावलं. गॅलरीच्या कठड्याला आतून जोडलेला बसायचा कट्टा. इमारत सुरीने उभी कापली तर जशी दिसेल, तसं चित्र आम्ही काढतो, त्याला सेक्शन म्हणतात. तिने सेक्शन काढला होता. जमिनीपासून कठडा साडेतीन फूट, नियमात बसेल असा. त्याला आतून टेकून दीड फूट उंचीचा कट्टा. पाणी वाहून जायला उतार, बसणाऱ्याला टोचू नये म्हणून गोल केलेली कड. आणि कट्ट्यावर एक बाई पुस्तक वाचत बसलेली. चित्रात माणूस काढला की मापांचा अंदाज येतो, म्हणून आम्ही माणसं काढतो. ती बाई इतकी निवांत बसली होती की मलाही तिच्याशेजारी टेकावंसं वाटलं.

बावीस लाल पेन्सिली त्या ड्रॉइंगवरून फिरल्या. उतार थोडा वाढवा, असं कोणी लिहिलं. दगड की लाकूड, यावर दोघे भांडले. एकाने कडेची गोलाई मोजली. सगळ्यांनी नियमाशी ताडून बघितलं आणि नियम साडेतीन फूट म्हणत होता. ड्रॉइंग तिने माझ्याकडूनही तपासून घेतलं होतं. मापं चोख होती. शेवटी तिने कोपरा उलगडला तेव्हा हॉलमध्ये टाळ्या वाजल्या आणि तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. त्या दिवसापासून तिच्या वाक्यांचं शेपूट गळलं. फोन वाजला की उचलायला लागली. मंडळातली लहान पोरं तिला ताई म्हणायला लागली, आणि एक दिवस ती पाणी न पिताच साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

आता माझं सांगतो, कारण ते झाकून ही गोष्ट सांगता येणार नाही. त्याच महिन्यात माझ्या बहिणीच्या घरावर दोन मजले चढवायचं काम निघालं. नकाशा मी काढत होतो. बाहेरचं काम करणाऱ्या ड्राफ्ट्समनला आमचे साहेब उभ्या उभ्या काढतात, म्हणून ताकास तूर लागू दिली नव्हती. वरच्या गॅलरीला तो कट्टा शोभेल असं वाटलं. पुढच्या महिन्याच्या शनिवारी सगळे चहाला बाहेर गेले असताना मी पेटारा उघडला आणि ड्रॉइंग माझ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. वहीत काही लिहिलं नाही. मी मंडळाचा नव्हतो, आणि लेखी पुरावा ठेवायला मी दूधखुळाही नव्हतो. आठ महिन्यांत बहिणीचं घर उभं राहिलं. भाची, जावई आणि त्यांची पाच वर्षांची चिमुरडी वरच्या मजल्यावर राहायला गेली. कट्टा फार छान झालाय, असं बहीण येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

पेटाऱ्यात ड्रॉइंग गेल्याला वर्ष झालं असेल. मंडळातल्या एका मुलाला पहिलंच मोठं काम मिळालं होतं, शाळेच्या चार मजली इमारतीचं. तो ऑफिसात आला आणि फूटपट्टीला म्हणाला, ताई, तुमचा कट्टा सगळ्या मजल्यांवर घेतलाय, बघायला या. शाळा महिन्याभरात उघडणार होती. साहेब परगावी होते. साइट बघायची तिच्या आयुष्यातली पहिली वेळ, तेव्हा काकांना सोबत घेणं आलंच.

तिसऱ्या मजल्यावरचा व्हरांडा दोनशे फूट लांब. एका बाजूला वर्ग, दुसऱ्या बाजूला कठडा आणि त्याला लागून टोकापर्यंत गेलेला कट्टा, अगदी ड्रॉइंगमधल्यासारखा. फूटपट्टी त्यावर बसली. तिने हात फिरवून ती गोल कड बघितली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपण कागदावर ओढलेली रेघ पहिल्यांदा हाताला लागते तेव्हा असं होतं, त्यात हसण्यासारखं काही नाही.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला एक रंगारी छताला रंग देत होता. शिडी कशाला आणायची, म्हणून तो कट्ट्यावर चढून उभा होता. ब्रश वर, मान वर, आणि कट्ट्यावर एकेक पाऊल बाजूला सरकत तो आमच्याकडे येत होता. कठडा त्याच्या गुडघ्याच्या जेमतेम वर लागत होता. त्याच्या मागे सगळी हवा.

फूटपट्टी उठली. मी तिच्याकडे बघितलं तर तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. तिने हळूच, तो दचकू नये अशा बेताने, त्याला खाली उतरायला सांगितलं. मग पट्टी काढली आणि कट्ट्याच्या वरच्या पातळीपासून कठडा मोजला. दोन फूट. पुन्हा मोजला. तेवढाच. साडेतीनातून दीड गेले की दोन उरतात, याला पट्टी कशाला लागते. पण तिने चारदा मोजला.

"काका, ती बाई बसलेली होती," ती म्हणाली.

मला लगेच कळलं. चित्रातली माणसं गुणी असतात. जिथे बसवाल तिथे बसतात. बावीस आर्किटेक्ट आणि एक जुनाट ड्राफ्ट्समन, आम्हां सगळ्यांना ती बाई बसलेली दिसली. ती कधी उठेल, कट्ट्यावर चढेल, खाली कोणाला हाक मारायला वाकेल, हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही. आणि इथे महिन्याभरात सहाशे पोरं येणार होती. मधल्या सुट्टीत शहाणपणाने बसून राहणारं पोर मी तरी अजून बघितलेलं नाही.

शाळेवाला मुलगा तिथेच जमिनीवर बसला. फूटपट्टीने त्याला सांगितलं की चारही मजल्यांचे कट्टे फोडायचे, आणि तोपर्यंत व्हरांड्यावर कोणालाही येऊ द्यायचं नाही. त्याने मान हलवली. खाली उतरताना तिचा हात भिंतीवरून सुटत नव्हता. तिच्या पाठीमागून मीही उतरत होतो, आणि माझ्या डोळ्यांपुढे शाळा नव्हतीच. माझ्या भाचीच्या गॅलरीत, दोन मजले उंचावर, दीड फुटाचा कट्टा आणि त्याच्यावर दोन फूट कठडा.

सोमवारी साहेब परतले तेव्हा तिने त्यांना सगळं सांगितलं. ड्रॉइंगवर आमच्या ऑफिसचं नाव नव्हतं, पण काढणारी आमच्या ऑफिसातली होती. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, शाळेचं निस्तरलं ना, मग विषय संपला. ज्यांनी उतरवून घेतलं त्यांनी तपासून घ्यायला हवं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझी परवान्याची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, वही कोऱ्या रकान्यांसकट माझ्याकडे सहीला आहे, याचा विचार कर.

तिने विचार केला. मी खिडकीशी बसून बघत होतो. दिवसभर ती एकाच कोऱ्या कागदावर आडव्या रेघा ओढत होती. मला मनातून काय वाटत होतं ते सांगायला हवं. तिने साहेबांचं ऐकावं, असं मला वाटत होतं. म्हणजे चौकशी होणार नाही, माझं बाहेरचं काम उघडं पडणार नाही, आणि एखाद्या रविवारी मी गुपचूप जाऊन बहिणीच्या गॅलरीचं काहीतरी करून टाकीन.

पहिल्या शनिवारी ती हॉलमध्ये भिंतीपाशी उभी राहिली. तेच ड्रॉइंग तिने पुन्हा लावलं होतं, या वेळी कोपरा न दुमडता, आणि त्या वाचणाऱ्या बाईशेजारी कट्ट्यावर लाल पेन्सिलीने एक मूल काढलं होतं. उभं. कठडा त्याच्या पोटाशी येत होता. तिला फार बोलावं लागलं नाही. ज्यांनी ते ड्रॉइंग वापरलं होतं त्यांचे चेहरे मला पाठीमागूनही कळत होते. एक मुलगी तोंडावर हात घेऊन बाहेर पळाली. तिने तो कट्टा दवाखान्याच्या गच्चीला घेतला होता.

मॉडेलवाल्या बाईंनी कॉम्प्युटर उघडला. कोणी काही उतरवून घेतलं की तो आकडा एकाने वाढवतो. आकडा होता चौदा. वहीत नावं नऊ. उरलेल्या पाचांसाठी बाईंनी आणि फूटपट्टीने मंडळातल्या एकूण एक माणसाला फोन लावले, मंडळ सोडून गेलेल्यांनाही. दोन दिवसांत आणखी चार सापडले. एक राहिला.

त्या एकापायी तिने काय केलं ते मी रोज बघत होतो. ऑफिस सुटलं की ती नव्या बांधकामांच्या रस्त्यांवरून मान वर करून चालायची. इमारतीला आतून कट्टा असेल तर बाहेरून दिसत नाही, तरी बघायची. दारं वाजवायची, लोकांच्या शिव्या खायची. तिच्या आईचा मला फोन आला की पोरगी जेवत नाही, झोपेतून उठून बसते, तुमच्या ऑफिसात असं झालंय तरी काय? मी म्हटलं, कामाचा ताण आहे. शनिवारची बातमी साहेबांपर्यंत पोचली होती. वही त्यांच्या खणातच राहिली आणि मुलाखतीची तारीख निघून गेली. फूटपट्टीने वहीची चौकशीसुद्धा केली नाही. रोज सकाळी आल्यावर ती मला एवढंच सांगायची, काका, अजून एक आहे कुठेतरी.

आणि तो एक तिच्यापासून चार हातांवर बसून पेन्सिलीला टोक करत होता.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तर उजेडच उजेड होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. एकतीस वर्षं मापं चुकली नाहीत म्हणून मिरवणारा मी. साहेब काढतील ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती अशी की ही पोरगी माझ्याकडे बघेल. रविवारी जाऊन गुपचूप काहीतरी करीन म्हणत होतो, तो रविवारही गेला. बहिणीला काय सांगायचं तेच सुचेना. तुझ्या भावाने तुझ्या नातीसाठी सापळा बांधलाय, असं?

त्याच्या पुढच्या रविवारी गेलो. बहीण स्वयंपाकघरात, भाची आंघोळीला. गॅलरीचं दार उघडं होतं. चिमुरडी कट्ट्यावर उभी होती. कठडा तिच्या पोटाला लागत होता आणि ती त्यावर पालथी पडून खालच्या अंगणातल्या मैत्रिणीशी बोलत होती. एक पाय कट्ट्यावर, दुसरा हवेत.

माझ्या पाचावर धारण बसली. हाक मारावी तर ती दचकून वळेल. मी चपला काढल्या, अनवाणी चालत गेलो आणि कमरेला मिठी मारून तिला उचललं. ती खिदळली. तिला वाटलं मी खेळतोय. तिला घेऊन मी तिथेच लादीवर बसलो आणि बराच वेळ सोडली नाही. मामा-आजोबा, तुम्हाला घाम आलाय, ती म्हणाली.

मी दाराला कडी घातली आणि बहिणीला बजावलं, हे दार उघडायचं नाही. ती म्हणाली, कपडे मग तुझ्या डोक्यावर वाळत घालू का? जिन्यात पोचेपर्यंत मला कडी निघाल्याचा आवाज आला. मी परत वर जायला हवं होतं, तिथेच सगळं सांगायला हवं होतं. वर गेलो, पण एवढंच म्हणालो की कठडा कच्चा वाटतोय, दुरुस्तीला माणूस पाठवतो, तोवर पोरीला एकटी सोडू नका. खरं बोलायला तेव्हाही जीभ वळली नाही, हे लिहितानासुद्धा मला लाज वाटते.

सोमवारी सकाळी फूटपट्टी आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, काका, अजून एक आहे कुठेतरी.

मी म्हणालो, "माझ्याकडे आहे. बहिणीच्या घरी. मी घेतला होता."

मग तिने विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"शाळेपासून."

तिने मनात दिवस मोजले असावेत. मी आधीच मोजून ठेवले होते, सव्वीस. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पत्ता विचारला, कितवा मजला ते विचारलं, घरात आत्ता मूल आहे का ते विचारलं. भाचीला फोन लावायला लावून स्वतः तिच्याशी बोलली. मी जे आदल्या दिवशी बोललो नव्हतो ते तिने चार वाक्यांत सांगितलं. पलीकडून भाचीचं रडणं मला ऐकू आलं. मग आम्ही दोघेही साहेबांना न विचारता निघालो. वाटेत तिने एका सुताराला बरोबर घेतलं.

दुपारपर्यंत कठड्यावर उभ्या फळ्या ठोकून तो हात पोचणार नाही इतका उंच झाला. कट्टा फोडायला दुसऱ्या दिवशी गवंडी येणार होता. फळ्या ठोकून होईपर्यंत बहीण नातीला घेऊन खालच्या मजल्यावर बसली. सुतार निघाल्यावर फूटपट्टीने पट्टी काढून सगळं पुन्हा मोजलं आणि पिशवीतून आपली पत्त्यांची वही काढली. त्या वहीत तेरा पत्ते होते, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. चौदाव्या ओळीत तिने बहिणीचा पत्ता लिहिला. महिन्याभरात पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. मला वाटलं, सुटलो. ती सुटली आणि मीही.

आम्ही जिना उतरत होतो. मधल्या वळणावर ती थांबली.

"काका, तुम्ही पुढे कोणाला दिला होता?"

हा प्रश्न मला या सगळ्या दिवसांत एकदाही पडला नव्हता. आम्ही ड्राफ्ट्समन मोठे नकाशे काढून घ्यायला प्रिंटच्या दुकानात जातो. तिथे तासन्‌तास ताटकळत बसावं लागतं. चहा होतो, साहेबांना शिव्या देऊन होतात, आणि चांगलं काही असलं तर आम्ही ते एकमेकांना देतो. आमच्यात लाल पेन्सिली नाहीत आणि वहीही नाही. तो कट्टा तिथे दोघांना आवडला होता. मी त्यांना पेनड्राइव्हच दिला होता. त्यातला एक नोकरी सोडून स्वतःची कामं घेतो आणि वर्षाला तीस-चाळीस घरांचे नकाशे काढतो.

मी जिन्याचा कठडा धरला आणि दोन्ही नावं सांगितली. ती पायरीवर बसली, वही मांडीवर घेतली आणि चौदाच्या खाली पंधरा लिहिलं, सोळा लिहिलं. पान तिथे संपलं. तिने ते उलटलं आणि नव्या पानावर सतरा लिहून पुढची जागा कोरी सोडली.